ताईचं दाब कलम

हे खरं घडलेलं आहे. ऐकीव नाही, रंगवलेलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि अजून संपलेलं नाही.

ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या. एके काळी मीही हसले असते. मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काम करते. सकाळपासून लोकांचे दंड बांधायचे, शीर शोधायची, सुई टोचायची. धिप्पाड माणसं सुई बघून घेरी येऊन पडतात, त्यांना उचलून बसवायचं. कोणी भुताची गोष्ट सांगायला लागलं की मी म्हणायचे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस.

आता म्हणत नाही.

ती संध्याकाळ होती. असल्या गोष्टींना मध्यरात्रच लागते असं लोक उगाच समजतात. दिवा लावावा की थोडं थांबावं, अशी वेळ होती. जागा म्हणजे माझ्या बहिणीच्या घराची मागची खोली. एक पलंग. एक खिडकी. खिडकीच्या कट्ट्यावर मातीची एक कुंडी.

पण आधी ताईबद्दल सांगायला हवं.

आईबाबा गेले तेव्हा मी शाळेत होते. ताईचं नुकतंच लग्न झालं होतं. तिनं मला सोबत आणलं. ही किती दिवस राहणार, असं भाऊजींनी एका शब्दानं विचारलं नाही. मला सायकल शिकवताना ते स्वतः गटारात पडले आणि घरी येऊन ताईला सांगितलं की भिंगरीनं ढकललं. मी एका जागी बसायचे नाही, म्हणून त्यांनी ठेवलेलं ते नाव. ताई कधीच मला त्या नावानं हाक मारायची नाही. तिला ते पोरकट वाटायचं.

आज सगळ्या जगात मला भिंगरी म्हणणारा तो एकच माणूस आहे. एवढं लक्षात ठेवा. पुढे मी जे केलं ते त्या माणसासाठी केलं.

भाऊजी चष्म्याच्या दुकानात काचा घासायचे. काचेवरचा केसाएवढा ओरखडा त्यांना लांबून दिसायचा, पण गवत कुठलं आणि रोप कुठलं हे कळायचं नाही. ताई म्हणायची, यांच्या हातून प्लास्टिकचं झाडही वाळेल.

ताईचा जीव होता तो मागच्या भिंतीवरच्या हनीसकलच्या वेलीत. लोक तिला मधुमालती म्हणायचे आणि ताईचं डोकं फिरायचं. मधुमालती वेगळी, ही वेगळी, असं ती दारावर आलेल्या पोस्टमनलाही समजावून सांगायची. बारा महिने हिरवी राहणारी वेल. पानं पिकतात, पण कधीच सगळी एकदम गळत नाहीत. फुलं पांढरी उमलतात आणि मग पिवळी पडतात, त्यामुळे एकाच झुपक्यात दोन्ही रंग दिसतात. दिवसा वास जवळजवळ नाहीच. संध्याकाळ झाली की सुटतो.

तिचे नियम ठरलेले होते. वेलीचं डोकं उन्हात, पाय सावलीत. बुडाशी वाळक्या पाल्याचा थर. बहर सरला की लगेच छाटणी. जाळीला बांधायचं ते जुन्या मऊ कापडाच्या पट्टीनं, तारेनं कधीच नाही. गाठ इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी. एक वेढा जाळीला, एक फांदीला, मध्ये फांदीला श्वास घ्यायला जागा. आणि शेवटी बुडाची माती तळहातानं थोपटायची. थप... थप... तान्ह्या बाळाला थोपटावं तशी.

वेल वाढत वाढत शेजारच्या काकूंच्या भिंतीवर गेली. त्यावरून दोघींची रोज जुंपायची. तुमची वेल आवरा, असं काकू म्हणायच्या. ताई म्हणायची, तुम्ही तुमची भिंत आवरा.

मग ताई आजारी पडली.

तिला काय झालं होतं ते मी लिहीत नाही. तिचा पहिला रिपोर्ट माझ्याच लॅबमध्ये निघाला, एवढं पुरे. पुढे पुढे तिला उठवेना, तेव्हा आम्ही तिचा पलंग मागच्या खोलीत खिडकीपाशी हलवला. ती पडल्या पडल्या सांगायची आणि भाऊजी बाहेर उभे राहून करायचे. ते फांदी उलट्या बाजूनं गुंडाळायचे. सकाळपर्यंत ती सुटून लोंबत असायची आणि ताई हसायची. अहो, तिचा वळायचा रस्ता ठरलेला असतो, असं म्हणायची.

एक दिवस तिचं लक्ष बुंध्याकडे गेलं. साल काळी पडली होती. भाऊजींनी बोट लावलं तर बोट आत गेलं.

"मुळाशी सडलीय," ताई म्हणाली. "ही जाणार आता."

भाऊजी म्हणाले, रोपवाटिकेतून नवी आणू. ताईनं मान हलवली.

"नवी नको. दाब कलम करा."

तिनं सगळं समजावून सांगितलं. खिडकीच्या गजांतून एक कोवळी फांदी न मोडता आत घ्यायची. कट्ट्यावर कुंडी ठेवायची. फांदी वाकवायची, वाकते तिथं खालच्या बाजूनं ब्लेडनं तिरकी खाच द्यायची. खाच मातीत दाबायची आणि वर वजन ठेवायचं. शेंडा मात्र वर मोकळा. फांदी अजून मूळ वेलीचंच दूध पीत असते. खाचेतून मुळं फुटली की मगच मागून कापायची.

"फुटली हे कसं कळणार?" भाऊजींनी विचारलं.

"हलकेच ओढून बघायचं. सैल आली तर अजून नाही. अडली तर लागलं."

आणि मग ती एक वाक्य बोलली. तेव्हा मी ते कानाआड केलं.

"हे पिल्लू नव्हे हं. बी पेरलं की पिल्लू येतं. ही तीच वेल. फक्त दुसऱ्या जागी."

भाऊजींनी वजनासाठी एक गुळगुळीत दगड धुऊन आणला. ताई म्हणाली, दगड कशाला, माझा हात आहे ना, नाहीतरी रिकामाच आहे. आम्ही दोघं हसलो. आजारी माणसाची हौस म्हणून दगड बाजूला ठेवला.

तिथंच चुकलं असं मला आता वाटतं. कलमावर दगडच ठेवायला हवा होता.

ती दिवसभर तळहात मातीवर दाबून पडून राहायची. संध्याकाळी वास सुटला की फांदी दोन बोटांत धरून हलकेच ओढायची.

"अजून नाही," असं म्हणायची आणि हात परत ठेवायची.

अशीच एका संध्याकाळी ती गेली. हात कुंडीतच होता. तिची बोटं मी एकेक करून उचलली. मातीत पंजाचा ठसा राहिला. मी दगड ठेवायला गेले, तर भाऊजींनी माझं मनगट धरलं आणि नको म्हणाले.

नोकरी लागल्यावर मी भाड्याची खोली घेतली होती, ती तशीच ठेवून त्यांच्याकडे राहायला आले. माणूस अर्धा झाला होता. जेवायला बसायचे आणि ताटाकडे बघत राहायचे. सगळं लक्ष त्या वेलीत. इतकं पाणी घालायचे की बुडाशी चिखल झाला आणि पानं पिवळी पडायला लागली. तिनं शेवटचं हेच सांगितलंय, हे एवढं मी जगवणारच, असं म्हणायचे. मी किती सांगितलं की जास्त पाण्यानं मरेल. पण पालथ्या घड्यावर पाणी.

कुंडीतही तसंच पाणी, त्यानं तिथली माती घट्ट व्हायची. म्हणून कामावर जाण्याआधी मी ती काडीनं मोकळी करायचे.

संध्याकाळी येऊन बघायचे तर...

माती दाबलेली असायची.

चार बोटं. एक अंगठा. मधला खळगा.

मला वाटलं भाऊजीच. त्यांना विचारायचं धाडस होईना. एकदा ते आंघोळीला गेलेले बघून मी माझा पंजा त्या ठशावर ठेवला. ठसा माझ्या हाताहून लहान होता. भाऊजींचा पंजा केवढा तरी मोठा आहे. शेवटी शेवटी ताईचा हात मात्र तेवढाच उरला होता.

मी माती उकरून ठसा मोडून टाकला आणि कोणाला काही सांगितलं नाही.

मग काकू भेटल्या. गेटपाशी थांबवून म्हणाल्या, बरं केलंत हो, माझ्या भिंतीवरच्या फांद्या काढून घेतल्यात. ती होती तोवर कधी ऐकलं नाही तिनं, आता तुम्ही तरी ऐकलंत. गाठी मात्र अगदी तिच्यासारख्याच मारता.

मी मागे जाऊन बघितलं. काकूंच्या बाजूच्या सगळ्या फांद्या आमच्या जाळीवर आणून बांधल्या होत्या. आठाच्या गाठी. मी बांधल्या नव्हत्या. भाऊजींना ती गाठ कधी जमलीच नाही.

एकही फांदी उलटी गुंडाळलेली नव्हती.

त्यानंतर आवाज सुरू झाला. मी स्वयंपाकघरात असायचे, भाऊजी माझ्यासमोर बसलेले असायचे. आणि मागच्या खोलीतून...

थप...

थप...

मी भाऊजींकडे बघायचे. ते खाली बघून हसत असायचे. घाबरल्यासारखे नाही. कोणी घरी आल्यासारखे.

"मी ओढून बघतो ना," ते एकदा हळूच म्हणाले, "तर तिकडूनही ओढतं."

मी ओरडले. भ्रम आहे म्हणाले, झोप नाही, पोटात अन्न नाही म्हणून होतं म्हणाले. दुसऱ्या दिवशी भर उजेडात जाऊन मी स्वतः फांदी ओढून बघितली. सैल आली. मुळं फुटलीच नव्हती. ते मी त्यांना सांगितलं, तर तुला नाही कळणार एवढंच म्हणाले.

त्यांचं रक्त मी माझ्या हातानं काढलं. सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रिपोर्ट आले आणि मी लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन रडले. काही नव्हतं त्यात. सगळं बरोबर होतं. आणि माणूस दिवसेंदिवस वाळत होता. डॉक्टर म्हणाले, बायको गेल्याचा धक्का आहे, वेळ जाऊ द्या. वेळ जात होता आणि वेळेबरोबर तेही जात होते.

मी सगळं करून पाहिलं. लाडानं भरवलं. भांडले. पाया पडले. निघून जाईन अशी धमकी दिली. ते म्हणाले, जा ग, तुझं तुला आयुष्य आहे. हे ऐकून मला जास्तच रडू आलं.

कुंडी उचलून फेकून द्यावी असं रोज वाटायचं. पण ती हलवता येत नव्हती. फांदी अजून गजांतून बाहेरच्या वेलीला जोडलेली होती. हलवायची तर कापावी लागणार. आणि माझ्या हातात कात्री दिसली की भाऊजी कुंडीवर आडवे व्हायचे.

"लागलेलं नसलं तर?" ते म्हणायचे. "मी तिला दुसऱ्यांदा घालवू?"

मी कात्री परत खुंटीला अडकवायचे.

बाहेर मूळ वेल भराभर चालली होती. बुंधा हातानं कुस्करला जाईल असा झाला होता. माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली होती. ज्या दिवशी ती वेल पुरती मरेल त्या दिवशी भाऊजीही जातील. कसं ते विचारू नका. मला कळत होतं.

आणि मग ती संध्याकाळ आली.

लॅबमध्ये काम कमी होतं म्हणून मी लवकर निघाले. गल्लीच्या तोंडाशीच वास आला. हनीसकलचा. गोड, दाट. मी थांबले. वेलीवर एक फूल नव्हतं. त्या वर्षी तिनं कळीसुद्धा धरली नव्हती.

वास आमच्या घरातून येत होता.

दार नुसतं लोटलेलं होतं. मी हाक मारली. उत्तर नाही. भाऊजींचा रेडिओ या वेळी सुरू असतो. तो बंद होता. रोज गेटपाशी लोळणारं कुत्रंही कुठे दिसत नव्हतं.

फक्त आतून...

थप...

थप...

थप...

मी मागच्या खोलीत गेले.

भाऊजी ताईच्या पलंगावर, ताईच्याच जागी आडवे होते. डोळे उघडे. उजवा हात कट्ट्यावर. हात मनगटापर्यंत कुंडीच्या मातीत होता.

वरची माती थोपटून सपाट केलेली. त्यावर ठसा होता. तोच, लहान हाताचा.

कलमाची फांदी मातीतून निघून त्यांच्या हातावर चढली होती. कोपरापर्यंत वेढे, सगळे योग्य दिशेनं. जागोजागी कापडाच्या पट्ट्या. आठाच्या गाठी. एका हातानं कोणी तशी गाठ मारूच शकत नाही.

ते कापड मी ओळखलं. निळ्या ठिपक्यांचा गाऊन. ताई गेली त्या दिवशी तो तिच्या अंगावर होता. तो तिच्यासोबतच गेला होता, मी स्वतः बघितलंय.

मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. नाडी लागत होती, पण किती सावकाश. एक ठोका. मग नुसती शांतता. मग एक ठोका. मी बोटांनी माती उकरली आणि त्यांचं मनगट थोडं वळवलं. खालच्या बाजूला, नेमकी शिरांवर...

तिरकी खाच.

रक्ताचं काम माझं रोजचं आहे. त्या जागी कापलं तर काय होतं ते मला कोणी सांगायला नको. पलंग भिजायला हवा होता. तिथं एक थेंब नव्हता. खाचेच्या कडा कोरड्या, स्वच्छ होत्या.

मी हात ओढला.

अडला.

"भिंगरी, ओढू नकोस," भाऊजी म्हणाले. आवाज लांबून आल्यासारखा होता, पण चेहरा सुखात होता. "लागलंय बघ."

माझा धीर सुटला. मी गुडघ्यांवर बसले आणि त्या रिकाम्या खोलीत बहिणीशी बोलायला लागले. मोठ्यानं, वेड्यासारखी.

"ताई, सोड त्यांना. तू गेलीस, मी काही बोलले का? हा एक माणूस मला राहू दे. मला दुसरं कोणी नाही ग."

खोली शांत झाली. वास इतका वाढला की श्वास घेववेना. मला खरंच वाटलं की ती ऐकतेय. विचार करतेय.

मग माझ्या खांद्यावर...

थप... थप...

मायेनं. लहानपणी झोपवताना थोपटायची तसं.

त्या स्पर्शानं मला नाही म्हटलं होतं. ते कसं कळलं ते मला सांगता येणार नाही.

ताईची छाटणीची कात्री खिडकीच्या खुंटीला असायची. मी ती ओढली, गजांमधून आत आलेली फांदी पकडली आणि कापली.

कच्च.

बाहेर एकदम मोठा सळसळाट झाला. कोणीतरी पोतं उपडं करावं तसा. मी गजांतून बघितलं. बारा महिने हिरवी राहणारी वेल, जिची पानं कधी एकदम गळत नाहीत, ती एका दमात रिकामी झाली होती. जाळीवर नुसत्या काड्या होत्या. त्यांच्या खाली पानांचा ढीग.

वेढे आणि पट्ट्या सैल होऊन गळून पडल्या आणि भाऊजींचा हात अलगद मातीतून बाहेर आला. ते झोपले. गाढ, नीट श्वास घेत. मी त्यांच्या उशाशी बसून राहिले आणि नाडी मोजत राहिले. ती हळूहळू ताळ्यावर आली.

सकाळी ते उठले आणि म्हणाले, भूक लागलीय.

मला किती आनंद झाला ते कसं सांगू. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर हात दाबून रडले. त्यांनी दोन वेळा मागून घेतलं. मनगटाची खाच आठवडाभरात बुजली. अंगावर मांस चढलं. मला वाटलं, मी त्यांना परत मिळवलं.

ते दाढी करत असताना मी ती कुंडी टाकून द्यायला घेतली. टाकण्याआधी माती उपडी करून बघितली. कलमाची फांदी नुसती पडली होती, वाळलेली. खाचेला एक मूळ फुटलं नव्हतं.

कुंडीत ते कलम कधी लागलंच नव्हतं.

मग भाऊजी 'लागलंय बघ' म्हणाले, ते कुठे?

त्यानंतरचं सांगते. भाऊजी कामावर गेले आणि दुपारीच परत आले. दुकानाच्या मालकांनी मला फोन करून विचारलं, यांच्या हाताला काय झालंय, इतक्या वर्षांचा माणूस आणि एक काच धड घासता येईना. थोडे दिवस विश्रांती घेऊ द्या म्हणाले. भाऊजींना त्याचं काही वाटलं नाही. ते मागे जाऊन माती भुसभुशीत करत बसले.

आता ते दिवसभर बागेतच असतात. हात लावतील ते जगतं. काकू भिंतीवरून काही बोलल्या, तर भाऊजी मान न वळवता म्हणाले, तुम्ही तुमची भिंत आवरा. काकू पांढऱ्याफटक पडून आत गेल्या. तेव्हापासून त्यांच्या मागच्या खिडक्या बंद असतात.

माझ्याशी चांगले वागतात. फार चांगले. जेवलीस का विचारतात, अंगावर पांघरूण घालतात. पण मला 'अगं' म्हणतात. 'ए' म्हणतात. त्या संध्याकाळनंतर एकदाही भिंगरी म्हणालेले नाहीत.

मी मुद्दाम सायकलची गोष्ट काढली. गटारात कोण पडलं होतं, असं हसत विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, मला काय माहीत, मी तर घरी होते.

'होते' म्हणाले. मग लगेच दुसरंच काहीतरी बोलायला लागले.

आणि रोज संध्याकाळी, वेल नसताना त्या खोलीत वास सुटतो तेव्हा, ते माझ्याजवळ येऊन बसतात. माझा हात हातात घेतात. दोन बोटांत माझं बोट धरतात आणि...

हलकेच ओढतात.

"अजून नाही," असं म्हणतात आणि माझा हात खाली ठेवतात.

तुम्ही म्हणाल, मग तिथून निघ ना. निघाले होते. दोन दिवस माझ्या खोलीवर जाऊन राहिले. काकूंनी फोन केला की घरात दिवा नाही, दार उघडत नाहीत. परत गेले तर ते पलंगावर तसेच बसलेले, न जेवता, न झोपता. मला बघून इतके खूश झाले. मी पुन्हा नाही गेले. त्या चेहऱ्यामागे कुठेतरी माझे भाऊजी असतील तर? मी त्यांना एकटं टाकून येऊ?

डॉक्टर म्हणतात, दुःखात माणसं गेलेल्याच्या सवयी उचलतात. धीर धरा. मी आणखी किती धीर धरू?

काल संध्याकाळी ते नेहमीसारखे आले. माझं बोट धरलं. ओढलं.

हात सहज गेला असता. मी अडवला नव्हता, देवाशपथ. पण तो गेला नाही.

या वेळी भाऊजी 'अजून नाही' म्हणाले नाहीत. त्यांनी माझ्या पंजावर दोनदा थोपटलं आणि उठून खिडकीपाशी गेले. खुंटीवरची कात्री जागेवर आहे की नाही ते बघितलं. रात्रभर मी खोलीला कडी लावून जागी होते.

आज सकाळी पहिल्याच पेशंटचा दंड बांधताना माझी बाही वर सरकली. मनगटाच्या खालच्या बाजूला एक रेघ आहे. तिरकी. दुखत नाही, रक्तही आलेलं नाही. दिवसभर मी बाही खाली ओढून काम केलं.

लॅबमधले सगळे गेलेत. मी हे लिहीत बसले आहे, कारण घरी जायचं नाही असं मी ठरवलं होतं. आज नाही, उद्याही नाही. बॅगेत कपडे भरून आणलेत.

आत्ता फोन वाजला. घरचा नंबर.

"भिंगरी," ते म्हणाले, "उशीर करू नकोस. वाट बघतोय मी."

भिंगरी म्हणाले. वाट बघतोय म्हणाले. आवाज भाऊजींचा होता, जुना, सायकल धरून मागे धावायचा तो. इतक्या महिन्यांनी. तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. मीही तेच म्हणाले असते.

पण तेच असले तर?

दिवे लागायची वेळ झाली आहे. लॅबला कुलूप लावते आणि निघते.